हप्ता, ॲप आणि धर्म: सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि तिकडं बिदर-भालकीपर्यंत, बचत गटाच्या बैठकीत, सोसायटीच्या बाकड्यावर आणि कॉलेजच्या कट्ट्यावर फोनवरच्या पैशांबद्दल लोक जे विचारतात, त्यातले प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरांना हिंदू, बौद्ध आणि शीख विचारांचा आधार आहे. जिथं कायदा आहे तिथं कायदाही सांगितला आहे.

फोनवरच्या पैशांत धर्म कशाला आणायचा?

कारण पैशाबाबत धर्माच्या नावानं आजवर उपदेश झाला तो बहुतेक गरिबालाच. अंथरूण पाहून पाय पसर, ऋण काढून सण करू नकोस. यात चूक काही नाही, पण ही एकच बाजू झाली. कर्ज देणाऱ्यावर, नफा कमावणाऱ्यावर, हिशेब ठेवणाऱ्यावर या तिन्ही परंपरांनी जी बंधनं घातली आहेत, ती आपल्याकडं कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही. पूर्वी सावकार गावातच राहायचा. त्यानं फार छळलं तर देवळात, बाजारात लोकांना तोंड दाखवणं त्यालाही जड जायचं. ॲपवरून कर्ज देणारा कुठं बसलाय हेच माहीत नसतं, त्यामुळं लाज सगळी कर्ज घेणाऱ्याच्याच वाट्याला येते. म्हणून माझं म्हणणं असं, की धर्म आणायचाच असेल तर तो आधी देणाऱ्याच्या दारात न्यावा.

हिंदू धर्मात व्याज घेणं पाप आहे का?

सरसकट नाही. अर्थ हा चार पुरुषार्थांपैकी एक आहे, पण त्याला धर्माची वेस आहे. तुकोबांचं ‘जोडोनिया धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’ हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. धन जोडू नका असं ते म्हणत नाहीत, ते उत्तम व्यवहारानं जोडा म्हणतात. आणि हे बोलणारा माणूस स्वतः सावकारी असलेल्या घरातला होता. परंपरा सांगते की त्यांनी कर्जखतांतला भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. मला यातला पहिला भाग तितकाच मोठा वाटतो: दुसऱ्याच्या हक्काचं त्यांनी परस्पर उदार होऊन सोडून दिलं नाही, सोडलं ते फक्त स्वतःचं.

व्याजाला मर्यादाही होती. दामदुप्पट हा शब्द आज गुंतवणुकीच्या जाहिरातीत दिसतो, पण मूळ नियम उलट्या बाजूनं, कर्जदाराच्या रक्षणासाठी होता. एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. दहा हजार दिले असतील तर थकलेलं व्याज फार तर दहा हजार. जुन्या मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू कर्जदारांच्या बाबतीत हा नियम मानला, आणि १९५६ पर्यंत बेळगाव त्याच राज्यात होतं. बँकेच्या कर्जाला हा नियम आज लावून मागता येत नाही. पण त्यामागचा विचार रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकात वेगळ्या रूपात दिसतो: हप्ता चुकला तर बँक किंवा वित्त कंपनी दंड लावू शकते, मात्र तो दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. आणि खासगी सावकारासाठी कर्नाटकात भरमसाट व्याजाला बंदी करणारा २००४ चा कायदा आहे.

दामदुप्पट तर मनुस्मृतीत आहे. मग मनुस्मृती मानायची का?

हा प्रश्न निपाणीकडच्या तरुणांकडून येतो आणि तो रास्त आहे. ज्या आठव्या अध्यायात व्याजाची मर्यादा आहे, त्याच अध्यायात थोडं आधी व्याजाचा दर वर्णाप्रमाणं सांगितला आहे: ब्राह्मणाला महिना शेकडा दोन, क्षत्रियाला तीन, वैश्याला चार आणि शूद्राला पाच. म्हणजे ज्याच्याकडं कमी, त्यालाच कर्ज महाग. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला या ग्रंथाचं दहन केलं, त्यामागं अशा विषमतेचाच संताप होता. त्यामुळं व्याजाची मर्यादा घ्यावी आणि वर्णाचा दर टाकावा, एवढं स्पष्ट बोललंच पाहिजे.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडूनही देता येत नाही. आज कर्जाचा दर संगणक ठरवतो. त्यात तुमचा पत्ता, तुमच्या खात्यातली उलाढाल, तुम्ही आधी कुठून कर्ज घेतलंय हे सगळं जातं. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या मागावर काम करणाऱ्या बाईची मजुरी रोखीत मिळते, म्हणून कागदावर तिची पत दिसतच नाही. तिनं आयुष्यात एक हप्ता चुकवला नसला तरी तिला दर चढा लागतो. जात कुणी विचारली नाही, पण परिणाम तोच झाला तर त्याला न्याय कसं म्हणायचं? म्हणून आपला पत अहवाल (क्रेडिट रिपोर्ट) वर्षातून एकदा तरी काढून पाहा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी तो वर्षातून एकदा फुकट द्यायचा आहे. फेडलेलं कर्ज बाकी दिसत असेल तर लेखी तक्रार करा. ती ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

बुद्धांनी तर संसार सोडला होता. ते कर्जाबद्दल काय सांगणार?

खूप काही सांगितलंय, आणि तेही घरदार असलेल्या माणसांबद्दल. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात इणसुत्त, म्हणजे ऋणाबद्दलचं प्रवचन, आहे. त्यात बुद्ध भिक्खूंना विचारतात: दारिद्र्य दुःखाचं आहे ना? दरिद्री माणूस कर्ज काढतो, तेही दुःखाचं. मग व्याज कबूल करतो. मुदत टळली की तगादा लागतो. मग माणसं त्याचा पाठलाग करतात, आणि शेवटी त्याला बांधून नेतात. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेली ही पायऱ्यांची उतरण आज आपल्या गल्लीत जशीच्या तशी दिसते.

त्याच निकायात अनाथपिंडिक नावाच्या मोठ्या व्यापाऱ्याला गृहस्थाची चार सुखं सांगितली आहेत: हक्काचं असल्याचं सुख, ते उपभोगण्याचं सुख, कर्ज नसल्याचं सुख आणि निर्दोष वागल्याचं सुख. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग आहेत. एक भाग खाण्यापिण्याला, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी ठेवणीत. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला चौथा भाग बाजूला काढणं जमत नाही हे खरंच आहे. तरी पिग्मीवाल्याकडं रोज दहा-वीस रुपये देणाऱ्या आपल्या आया तेच करत आल्या. आपल्या कर्नाटकातल्याच उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये पिग्मी सुरू केली, ती अशाच लोकांसाठी.

देणाऱ्यालाही बुद्धांनी सोडलेलं नाही. सम्यक आजीविका म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करून पोट भरायचं नाही. शस्त्रं, माणसं व जनावरं, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकानं करू नये असं वणिज्ज सुत्तात आहे. समोरचा फेडू शकणार नाही हे ठाऊक असून त्याला चौथं कर्ज देणं या यादीत शब्दशः नाही, पण मी ते विषाच्या व्यापारातच धरतो.

बाबासाहेबांचाही इथं संदर्भ आहे. रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहून आलेला हा अर्थशास्त्रज्ञ एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृत समाजाच्या परिषदेसाठी निपाणीत आला होता. पुढं हिल्टन यंग आयोगापुढं त्यांनी चलनाबद्दल साक्ष दिली, आणि त्याच आयोगाच्या शिफारशीवरून १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक उभी राहिली. पैशाची व्यवस्था मूठभरांच्या सोयीनं चालू नये, हे त्यांना अभ्यासानंही कळलं होतं आणि भोगूनही.

आपल्याकडं शीख फारसे नाहीत. त्यांचं कशाला?

बिदरला नानक झिरा साहिब गुरुद्वारा आहे, वर्षभर यात्रेकरू येतात, आणि लंगरमध्ये, म्हणजे तिथल्या सामुदायिक जेवणात, कोण कुठला हे विचारत नाहीत. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ज्या पंचप्याऱ्यांना, म्हणजे खालसा पंथातल्या पहिल्या पाचजणांना, अमृत दिलं, त्यातले भाई साहिबसिंग बिदरचे. शिवाय गुरू ग्रंथ साहिबमध्ये आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नातं इतकं जवळचं आहे.

पैशाच्या बाबतीत शीख शिकवण अगदी सरळ आहे: कष्टानं कमवा, वाटून खा, नाम घ्या. गुरू नानकांचं वचन आहे, ‘घालि खाइ किछु हथहु देइ, नानक राहु पछाणहि सेइ’. जो घाम गाळून खातो आणि आपल्या हातानं थोडं देतो, त्यालाच वाट सापडली. मिळकतीचा दहावा भाग समाजासाठी काढायचा, तो दसवंध. आणि दुसऱ्याचा हक्क खाणं मुसलमानाला डुकरासारखं आणि हिंदूला गाईसारखं वर्ज्य असावं, इतक्या कडक शब्दांत त्यांनी परक्याच्या पैशाबद्दल बजावलं आहे.

मला सगळ्यात भावते ती सुलतानपूर लोधीची गोष्ट. नानक तिथल्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी कोठारात, धान्य मोजून देण्याच्या नोकरीवर होते. हा माणूस गरिबांना वाटून कोठार रिकामं करतोय अशी चुगली झाली. हिशेब तपासला, तो बरोबर निघाला. दया आणि हिशेब यात भांडण नसतं हे सांगायला याहून वेगळं काही लागत नाही. आपल्या सोसायट्यांच्या संचालकांनी ही गोष्ट दर सभेत वाचावी.

ॲपनं फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी मागितली. द्यावी का?

नाही. बौद्धांच्या पंचशीलातलं दुसरं शील आहे, न दिलेलं न घेणं. तुमच्या फोनमधला मेहुणीचा नंबर, शाळेतल्या बाईंचा नंबर, तो तुम्हाला दिलेला आहे, ॲपला नाही. तुम्ही ‘अलाऊ’ दाबलं म्हणून त्या माणसांची संमती झाली असं होत नाही. नंतर हेच नंबर धमकीसाठी वापरले जातात.

कायदाही हेच सांगतो. डिजिटल कर्जाबद्दलचे रिझर्व्ह बँकेचे नियम २०२२ मध्ये आले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्यानं काढले. त्यानुसार कर्जाच्या ॲपनं फोनमधले संपर्क, फोटो आणि कॉलची यादी बघायचीच नाही. कॅमेरा किंवा ठिकाण लागलंच तर ओळख पटवण्यापुरतं, एकदाच, तुमच्या संमतीनं. कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यात आली पाहिजे. कर्ज घेतल्यावर पस्तावलात तर किमान एक दिवसाची मुदत असते. त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं, फार तर आधी सांगितलेली प्रक्रिया फी जाते. बँका आणि वित्त कंपन्या वापरत असलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. त्यात नाव नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आमच्या गटातली एक बाई हप्ता भरत नाही. तिचा भार आम्ही का उचलायचा?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, कारण इथं देणारा आणि घेणारा दोघंही आपलेच. गटानं कर्ज काढलं की कंपनीचा माणूस सगळ्यांना बसवून ठेवतो, आणि नऊजणी मिळून दहावीला बोलतात. ज्या बायका कालपर्यंत तिच्या बाळंतपणाला धावल्या, त्याच तिच्या दारात उभ्या राहून तिची भांडी मोजतात. कंपनीला वसुलीचा खर्च पडत नाही आणि शेजार मात्र तुटतो. हे मला मान्य नाही.

तरीही ‘तिचं ती बघेल’ हेही उत्तर नव्हे. आधी बसून तिचा हिशेब लिहा. ती भरू शकत नाही की भरत नाही, हे त्या कागदावर कळतं. नवऱ्याचा अपघात, तंबाखूचा पडलेला भाव, विडीचं काम बंद पडणं ही एक गोष्ट. दुसऱ्या कंपनीकडून घेऊन तिसऱ्याला देणं ही वेगळी. पहिल्या परिस्थितीत गटानं कंपनीकडं लेखी अर्ज करून हप्ता पुढं ढकलून मागावा. दुसऱ्या परिस्थितीत तिला नवं कर्ज मिळवून देऊन ‘मदत’ करू नये. ती मदत तिला इणसुत्तातल्या पुढच्या पायरीवर ढकलते.

आणि कंपनीलाही विचारा. मायक्रोफायनान्ससाठीचे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम असे आहेत: वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज विनातारण द्यायचं, आणि त्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत. हे मोजणं कंपनीचं काम आहे. कंपनीनं न मोजता चौथं कर्ज दिलं असेल तर चूक पहिल्यांदा कंपनीची. असा प्रश्न बैठकीत उभं राहून विचारणारी एक बाई असली तरी पुरते.

गटाला जमलं तर दर महिन्याला प्रत्येकीनं थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत, फक्त आजारपण आणि मयतीसाठी, व्याज न लावता. दसवंध आणि वाटून खाणं म्हणजे आपल्या गल्लीत हेच. त्याचा हिशेब मात्र वहीत, सगळ्यांसमोर.

वसुलीवाले रात्री घरी येतात, शिव्या देतात. कर्ज तर आम्ही घेतलंच आहे ना?

घेतलंय, आणि ते फेडायचंय. पण कर्जदार झालात म्हणून तुमची अब्रू गहाण पडलेली नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जात सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोनसुद्धा करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, कर्जदारांची नावं जाहीर करणं, सगळ्याला मनाई आहे. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी व्हावी. सलग दोनदा तिथं गेला नाहीत तरच माणूस घरी येऊ शकतो.

कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, नंतर त्याचा कायदा झाला. त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पोलिस ठाण्यात जाताना एकट्या जाऊ नका, गटातल्या दोघी-तिघींना घेऊन जा. आणि जीवाचं बरंवाईट करायचा विचार मनात आला तर आधी घरातल्या कुणाशी तरी बोला किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. कोणतंही कर्ज तेवढ्या किमतीचं नसतं.

सोसायटीनं ॲप काढलंय, ठेवीवर बँकेपेक्षा जास्त व्याज देतात. ठेवावे का?

सहकार आपल्या मातीतला आहे. देशातली पहिली सहकारी पतसंस्था १९०५ मध्ये आपल्याच कर्नाटकात, गदग जिल्ह्यातल्या कणगिनहाळला निघाली. पण एक फरक नीट समजून घ्या. बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था, सौहार्द सहकारी किंवा मल्टीस्टेट सोसायटी यांना तो नाही. ॲप दोघांचं सारखंच चकचकीत दिसतं, आणि घोळ तिथंच होतो. ताळेबंद मागा. थकबाकी कुणाकडं आहे, त्यात संचालकांचे नातेवाईक किती, हे वार्षिक सभेत विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.

एकानं सांगितलं, तुझं खातं फक्त वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील. यात माझा काय गुन्हा?

त्या खात्यात येणारा पैसा बहुतेक वेळा फसवणुकीचा असतो, कुणा म्हाताऱ्याची पेन्शनही असू शकते. पोलिस आधी खातेदारालाच शोधत येतात. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. परक्याचा हक्क खाण्याबद्दल नानकांनी जे बजावलंय ते पुन्हा वाचा, आणि खातं, सिम, एटीएम कार्ड कुणालाही देऊ नका.

शेअरमधलं ऑप्शन ट्रेडिंग आणि पैशांचे ऑनलाइन खेळ चालतील का?

बुद्धांच्या व्यग्घपज्ज सुत्तात संपत्ती गळून जाण्याची जी दारं सांगितली आहेत, त्यात जुगार आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या मुदतीच्या सौद्यांत, उतरलेल्या सामान्य गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदीच आहे. चांगल्या कंपनीचे शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणं वेगळं. त्याला कोणत्याही परंपरेची हरकत मला दिसत नाही.

देवळात क्यूआर कोडनं दान केलं तर चालतं का?

चालतं. पाठवण्याआधी पडद्यावर ट्रस्टचंच नाव येतंय ना एवढं बघा. कोडवर दुसराच कोड चिकटवून ठेवल्याचे प्रकार होतात.

लिंगायत, जैन, मुसलमान शेजाऱ्यांचं काय?

त्यांच्याकडंही हेच सापडेल. बसवण्णांचं कायक (कष्टाची कमाई) आणि दासोह (ती समाजाला वाटणं) बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचं. जैनांच्या पाच व्रतांत अपरिग्रह, म्हणजे गरजेपेक्षा जास्त साठवू नये हे, आहे. इस्लामनं व्याजच वर्ज्य केलंय. गटात सगळ्या घरच्या बायका असतात, त्यामुळं नियम ठरवताना सगळ्यांना विचारा.

फसवणूक झाली तर पहिल्यांदा काय करायचं?

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन, लगेच. तासाभरात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता बरीच असते. मग बँकेला लेखी कळवा. तुमची चूक नसताना, बँकेचीही नसताना खात्यातून पैसे गेले असतील आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही सांगितलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. आणि एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

कर्जाचे कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतात. मराठीत मागितले तर देतील का?

मागा, हक्कानं मागा. प्रत्येक किरकोळ कर्जाआधी मुख्य गोष्टींचा एक तक्ता द्यावा लागतो. त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर, फी, हप्ते, दंड असं सगळं असतं, आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मायक्रोफायनान्सच्या कर्ज कार्डालाही हीच अट आहे. इथं भाषेचा प्रश्न निघाला की लगेच राजकारण होतं. त्यात न पडता फक्त नियम दाखवा. कन्नड येणाऱ्या बाईला कन्नडमध्ये आणि मराठी येणाऱ्या बाईला मराठीत, दोघींचा हक्क सारखाच.

मराठीत तक्ता नाही दिला तर कंपनीकडं लेखी तक्रार करून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, फी नाही. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ऑनलाइन जमत नसेल तर साध्या कागदावर लिहून रिझर्व्ह बँकेच्या चंदीगड, सेक्टर १७ इथल्या तक्रार केंद्राला टपालानं पाठवा. तिथं कोणत्याही भाषेतली तक्रार घेतात, मराठीसुद्धा. सोबत कर्जाचा कागद, हप्त्यांच्या पावत्या आणि कंपनीला दिलेल्या तक्रारीची प्रत जोडा. मूळ कागद मात्र स्वतःकडंच ठेवा.